कारभार आहे, कारभारी कोठे?

२०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले. नामांतराविषयी जी उलटसुलट चर्चा व्हावयाची ती होऊन गेली. ती पुन्हा उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु थोरांचे नाव धारण केले म्हणजे त्याबरोबर काही दायित्वही अंगावर येते, याची आठवण करून देणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य आहे. नाही तर ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ या म्हणीचा प्रत्यय यावयाचा. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चौंडी या लहानशा गावी झाला. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी होळकरांच्या दौलतीचा जो कारभार केला त्याचे गोडवे आपण गातो. पण ती कर्तबगारी आली कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ती काही आभाळातून पडली नव्हती. सासरे मल्हारराव मोहिमेवर असताना वसुली, फौजेचा खर्च, तोफा आणि दारूगोळा यांची कामे या सुनेवर सोपवीत आणि पत्रांतून तपशीलवार सूचना देत. जबाबदारी, शिकवण आणि केल्या कामाचा जाब या तीन गोष्टी वर्षानुवर्षे एकत्र नांदल्या, तेव्हा चौंडीच्या पाटलांची मुलगी राज्य चालविण्यास समर्थ झाली.

ही आठवण आज आम्ही काढतो ती जिल्ह्याच्या आरोग्याचा आणि समाजसेवेचा कारभार पाहून. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके, आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ४५ लाखांवर वस्ती. येथे रुग्णालयांविषयी बोलणे निघाले की ते तीनच गोष्टींवर येऊन थांबते : पैसा पुरेसा नाही, खाटा पुरेशा नाहीत, जागा भरलेल्या नाहीत. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु चौथी गोष्ट कोणी बोलत नाही. जे पैसे आले, ज्या खाटा मांडल्या आणि जी माणसे नेमली, त्यांचा मेळ घालून रोग्याच्या पदरात काही पडेल असे पाहणारा कारभारी कोठे आहे? तो कोण घडवितो? त्याला घडविण्याची काही व्यवस्था आपल्याकडे आहे काय? आमच्या मते ती नाही, आणि तिच्या अभावाची किंमत आपण माणसांच्या प्राणांनी मोजली आहे.

६ नोव्हेंबर २०२१ हा दिवस नगरकर विसरले नसतील. भाऊबीज होती. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या रुग्णांसाठी असलेल्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण प्राणास मुकले. ज्या घरांतून बहिणी भावांना ओवाळण्यासाठी निघावयाच्या, त्या घरांतून माणसे प्रेते ताब्यात घेण्यासाठी निघाली. पुढे जे व्हावयाचे ते झाले : चौकशी नेमली गेली, काही अधिकारी निलंबित झाले, एका डॉक्टरबाईंना आणि काही परिचारिकांना अटक झाली. त्यांच्यापैकी कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. तेथे आम्ही लुडबूड करू इच्छीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. आग लागल्यानंतर पाळीवर कोण होते, हे शोधून काढणे सोपे असते. आग लागण्यापूर्वी आगीचा विचार करण्याचे काम नेमके कोणाचे होते?

कारण इशारा मिळाला नव्हता असे नाही. त्याच वर्षीच्या ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० अर्भके दगावली होती. सारे राज्य हादरले. राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासावी असे आदेश निघाले. भंडारा आणि नगर यांच्यामध्ये दहा महिन्यांचे अंतर आहे. आदेश निघतो, खाली उतरतो, नोंदला जातो आणि फायलीत जाऊन बसतो. आदेशाला हातपाय नसतात. ते त्याला कारभाऱ्याकडून मिळतात. एखाद्या दाराशी वाळूच्या बादल्या आहेत का, विजेच्या तारांवर भार किती पडला आहे, रात्रपाळीच्या परिचारिकेला आग विझविण्याचे नळकांडे चालविता येते का, हे स्वतः फिरून पाहणारा, नसेल तर वरिष्ठांशी भांडून मिळविणारा आणि हाताखालच्या माणसाने ‘साहेब, येथे धोका आहे’ असे म्हटल्यास त्याच्यावर न खेकसता त्याचे ऐकून घेणारा माणूस ज्या संस्थेत असतो, तिला आम्ही नेतृत्व असलेली संस्था म्हणतो. जेथे तो नसतो तेथे दोष शेवटी पायरीवरच्या सर्वांत खालच्या माणसाच्या गळ्यात पडतो.

समाजाची कल्पनाही याहून फार वेगळी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची वार्ता आली. औषधे, मनुष्यबळ, उशिराने आलेले अत्यवस्थ रुग्ण असे अनेक मुद्दे त्यात होते. परंतु त्यानंतर एका लोकप्रतिनिधीने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करावयास लावले, आणि त्याची चित्रे देशभर फिरली. शौचालय घाण होते, ही गोष्ट लाजिरवाणी खरीच. पण अपमानाने कारभार सुधारतो असे मानणारा पुढारी आणि अपमान टाळण्यापुरते काम करणारा अधिकारी, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. अशा वातावरणात धडपड्या माणूस प्रमुखपद स्वीकारण्यास धजणार नाही, आणि ज्याला ते टाळता येत नाही तो स्वतःला वाचविण्याची कला तेवढी शिकेल.

आपले वैद्यकीय अधिकारी तयार होतात कसे, ते पाहावे. साडेपाच वर्षांच्या शिक्षणात विद्यार्थी शरीरातले हाडन् हाड शिकतो. मग सेवाबंध म्हणून वा नोकरी म्हणून तो प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो. सुमारे ३० हजार लोकवस्तीमागे एक अशी ही केंद्रे. पंचविशीतल्या या तरुणाच्या हाती एकाच सकाळी दवाखाना, औषधांचे भांडार, रुग्णवाहिका, खर्चाच्या वह्या, उपकेंद्रांवरील परिचारिका आणि गावोगावच्या आशा सेविका येतात. यांपैकी एकाही गोष्टीचा धडा त्याला कोणी दिलेला नसतो. वयाने आईएवढ्या असलेल्या परिचारिकेला चूक कशी दाखवावी, सरपंचाचे मन कसे वळवावे, दोन कर्मचाऱ्यांतले वैर कसे मिटवावे, हे तो कोठे शिकणार? त्याचे डोळे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेकडे लागलेले असतात. त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुढे जो नोकरीत टिकतो तो सेवाज्येष्ठतेने वर चढतो आणि चांगला शस्त्रवैद्य असल्याच्या पुण्याईवर एके दिवशी मोठ्या रुग्णालयाचा प्रमुख होतो. उत्तम गणित शिकविणारा शिक्षक उत्तम मुख्याध्यापक होतोच असे नाही, हे शाळांत वावरलेल्या कोणासही ठाऊक आहे. शाळेत तो निर्णय चुकला तर मुलांची वर्षे वाया जातात. रुग्णालयात चुकला तर आयुष्ये जातात.

त्यातही कारभार एकहाती नाही. जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. अंगणवाड्या महिला व बालकल्याण विभागाकडे. शहरातील दवाखाने महापालिकेकडे. निराधार, वृद्ध, दिव्यांग यांची व्यवस्था आणखी निराळ्या खात्यांकडे. पोषण कमी पडलेले मूल मात्र एकच असते. ते अंगणवाडीच्या वहीत एक, उपकेंद्राच्या वहीत दुसरे आणि रुग्णालयाच्या वहीत तिसरे होऊन बसते. या तिन्ही वह्या एका टेबलावर आणून, सर्वांना एकत्र बसवून, ‘या मुलाचे आपण काय करणार?’ असे विचारणारा माणूस कोणत्याही अधिसूचनेने निर्माण होत नाही.

हा रोग केवळ आपल्याच देशाचा नव्हे. आरोग्यसेवेवर आपल्या कितीतरी पट खर्च करणाऱ्या ब्रिटनमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातील अनास्थेची चौकशी झाली आणि २०१३ च्या फ्रान्सिस अहवालाने २९० शिफारशी केल्या. त्या प्रकरणाचे सार असे की, वरिष्ठांचे लक्ष हिशेब आणि उद्दिष्टे यांवर खिळले होते आणि रोग्यांची व कर्मचाऱ्यांची तक्रार ऐकणारे कोणी नव्हते. २०२२ मध्ये तेथील सरकारने आरोग्य आणि सामाजिक सेवा यांतील नेतृत्वाची पाहणी सर गॉर्डन मेसेंजर या सेनापतीकडून करून घेतली. माणसांना कामावर घेताना, मधल्या पायरीवर आणि प्रमुखपदी नेमण्यापूर्वी पद्धतशीर शिक्षण द्यावे, असाच त्याचा रोख होता. श्रीमंत देशालाही जे पैशाने साधले नाही, ते आपल्याला केवळ इमारती बांधून साधेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

परंतु उत्तर शोधण्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. ते आपल्याच जिल्ह्यात, ज्या तालुक्यात अहिल्याबाई जन्मल्या त्याच जामखेड तालुक्यात आहे. ‘पिकते तेथे विकत नाही’ हे मात्र येथेही खरे ठरले आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे हे या जिल्ह्याचेच सुपुत्र. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते आणि डॉ. मेबल शिकले. विवाहानंतर दोघांनी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांना दिसून आले की, बरी होऊन गेलेली माणसे त्याच दुखण्याने पुन्हा परत येतात. रोगाचे मूळ गावात, पाण्यात, उपासमारीत आणि रूढींत आहे. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते १९७० मध्ये परतले आणि दुष्काळी जामखेडला त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. हवे असते तर या गुणी दांपत्याला पुण्या-मुंबईत बंगला बांधता आला असता. तो त्यांनी बांधला नाही, एवढ्यावरच त्यांचे मोठेपण संपत नाही. त्यागी माणसे महाराष्ट्रात पुष्कळ झाली. आरोळे पती-पत्नींचे वैशिष्ट्य असे की, आपल्यावाचून चालेल अशी माणसे तयार करणे हेच त्यांनी आपले मुख्य काम मानले.

आरंभी त्यांनीही शिकलेल्या परिचारिकांना गावांत ठेवून पाहिले. ते जमले नाही. परक्या तरुण मुलींना गावात राहण्याची भीती, आणि गावालाही त्यांच्याविषयी परकेपणा. तेव्हा गावातलीच, गावाने निवडलेली बाई का तयार करू नये, असा विचार पुढे आला. ज्या स्त्रिया पुढे आल्या त्यांपैकी बहुतेक निरक्षर. कोणी दलित, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. घरात जिच्या शब्दाला किंमत नाही अशी. या बायकांच्या हाती गावाचे आरोग्य द्यावयाचे, ही कल्पना त्या काळी शहाण्यासुरत्या माणसांना वेडगळ वाटली असेल तर त्यात नवल नाही.

पण शिकविण्याची रीत पाहा. या स्त्रिया आठवड्यातून एकदा जामखेडला येत आणि मुक्काम करीत. निरनिराळ्या जातींच्या बायका एका छपराखाली जेवत. एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. जातिभेदावर व्याख्यान झोडण्यापेक्षा ते पांघरूण अधिक बोलके ठरले. एका वेळी एकच विषय घ्यावा, तो गावात जाऊन वापरावा, पुढच्या आठवड्यात काय जमले आणि काय फसले ते सर्वांसमोर सांगावे, आणि जुनीने नवीला शिकवावे, असा क्रम होता. हगवणीच्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, खरूज, बाळंतपण, क्षय, कुष्ठरोग अशा पायऱ्यांनी ज्ञान वाढत गेले. डॉक्टरांचे पथक गावात जाई तेव्हा ते त्या बाईला बाजूस सारीत नसे. तिला बरोबर घेऊन घरोघर हिंडे. डॉक्टर जिला मान देतात ती आपल्यापैकी असली तरी ऐकण्यासारखी आहे, हे गावाला त्यातून उमजे. या शिकवणीला पदवीदान समारंभ नव्हता, कारण ती संपतच नव्हती. आमच्यासारख्या खडू-फळ्याशी एके काळी नाते असलेल्यांना यात खऱ्या अध्यापनाचे सारे मर्म दिसते.

परिणाम काय झाला? १९७१ च्या सुमारास त्या परिसरात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आणि १९९६ पर्यंत २६ वर आला. १९७२ च्या दुष्काळात विंधण विहिरी दलित वस्तीत घेतल्या गेल्या आणि इतरांना पाण्यासाठी तेथे जाणे भाग पडले. तरुण शेतकऱ्यांची मंडळे निघाली. महिला मंडळे उभी राहिली. कुष्ठरोगी गावाबाहेर न जाता घरी राहून बरे होऊ लागले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातील निवडक प्रयोगांवर जे पुस्तक काढले त्यात जामखेडला स्थान मिळाले. १९७८ च्या अल्मा-आटाच्या जाहीरनाम्यात ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय जगाने स्वीकारले, त्यामागे अशा प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविकेने वॉशिंग्टनच्या परिषदेत दृष्टान्त दिला : दालनातले झुंबर सुंदर खरे, पण ते महाग आणि एकाच ठिकाणी टांगलेले, माझ्या हातातली पणती साधी, पण ती घरोघर नेता येते आणि एका पणतीवर दुसरी लावता येते. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. प्रकल्प त्यांच्यामागेही चालू आहे, आणि जे नेतृत्व आपल्या मृत्यूनंतर संस्था पोरकी करीत नाही तेच खरे नेतृत्व, याचा हा पुरावा आहे.

यावर कोणी म्हणेल, जामखेड हा अपवाद; आरोळ्यांसारखी माणसे दर पिढीत निपजत नाहीत. आम्हास हे मान्य आहे. पण आम्ही आरोळ्यांसारखी माणसे मागतच नाही. मुक्ताबाईंसारखी माणसे मागतो, आणि ती निपजत नाहीत, घडवावी लागतात, हाच जामखेडचा धडा आहे. महाराष्ट्रातच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना आरोग्यदूत केले. ३९ गावांतील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण त्यामुळे सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन निराळ्या टोकांच्या जिल्ह्यांत, निराळ्या माणसांच्या हातून एकच गोष्ट घडली, तेव्हा तिला अपवाद म्हणता येत नाही.

सरकारने या धड्यातून काय घेतले आणि काय टाकले, हे तपासले पाहिजे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. नेमणुका बहुतांशी पुरुषांच्या झाल्या, वशिल्याने झाल्या, शिकवण एकदाच मिळाली आणि पाठीशी कोणी उभे राहिले नाही. योजना हळूहळू विरून गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा सेविका आल्या. त्या गावातल्याच स्त्रिया असाव्यात, हा जामखेड-गडचिरोलीचा बोध या वेळी घेतला गेला, हे श्रेय दिलेच पाहिजे. हजार वस्तीमागे एक, राज्यात सुमारे ७० हजार. कोविडच्या दिवसांत दारोदार हिंडलेल्या त्या याच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील १० लाखांवर आशांचा गौरव केला. त्या पुरस्काराच्या नावातच त्यांना आरोग्याचे नेते म्हटले आहे.

जग ज्यांना नेते म्हणते त्यांना आम्ही काय म्हणतो? स्वयंसेविका. त्या कर्मचारी नाहीत, म्हणून वेतन नाही. कामाच्या नगावर मोबदला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यांना पुन्हा पुन्हा संपावर जावे लागले, मुंबईच्या मैदानात बसावे लागले, तेव्हा मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या मानधनात दरमहा ५ हजारांची वाढ करण्याचा निर्णय घेतला. पैशाचा प्रश्न आहेच. परंतु त्याहून खोल प्रश्न अधिकाराचा आहे. आशा माहिती भरते, ती माहिती वर जाते. वरून उद्दिष्ट येते, ते तिच्या गळ्यात पडते. तिने काय पाहिले, तिला काय वाटते, हे विचारण्याची जागा या व्यवस्थेत अगदीच थोडी आहे. जामखेडची पणती सरकारने घेतली. तिच्यात दर आठवड्याला तेल घालण्याची तसदी मात्र घेतली नाही. जामखेडच्या बायकांनी पगाराची अपेक्षा न करता काम केले, मग आशांनी का मागावा, असा प्रश्न मधूनमधून ऐकू येतो. त्यामागे सोयिस्कर विस्मरण आहे. जामखेडच्या स्त्रियांना स्वतःच्या उद्योगधंद्यासाठी साहाय्य होते, गावात मान होता आणि मुख्य म्हणजे त्यांच्यावर रकाने भरण्याचे ओझे नव्हते. मान आणि अधिकार न देता केवळ त्याग मागणे ही पिळवणूक आहे.

तेव्हा आमच्या मागण्या आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिली, प्राथमिक आरोग्य केंद्राची सूत्रे हाती घेण्यापूर्वी प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला माणसे, पैसा आणि गाव यांच्याशी कसे वागावे याचे शिक्षण मिळावे, आणि त्यातील काही दिवस त्याने जामखेडला आरोग्यसेविकांच्या हाताखाली काढावेत. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे येऊन शिकतात. नगर जिल्ह्यातल्या डॉक्टरांना ते अंतर लांब पडू नये. दुसरी, जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखपदासाठी सेवाज्येष्ठता हा एकमेव निकष राहू नये. कारभाराची सिद्ध झालेली पात्रता पाहावी, आणि एकदा नेमलेल्या माणसाला पुरेसा काळ व खर्चाचे पुरेसे अधिकार द्यावेत. वर्षभरात बदली होणाऱ्या माणसाला भिंतीला रंग देता येतो, पाया घालता येत नाही. तिसरी, आशा सेविकेला आणि अंगणवाडीसेविकेला पुढची पायरी असावी. कर्तबगार आशेला गटप्रवर्तक होण्याची, परिचारिका होण्याची, शिकविणारी होण्याची वाट मोकळी असली पाहिजे. चौथी, तालुक्याच्या पातळीवर आरोग्य, अंगणवाडी आणि समाजकल्याण यांची माणसे दरमहा एकत्र बसावीत, आणि प्रत्येक बालमृत्यूची व मातामृत्यूची चर्चा दोषारोपासाठी नव्हे तर बोध घेण्यासाठी व्हावी. पाचवी, धोका दाखवून देणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला संरक्षण असावे. भाऊबीजेच्या त्या दिवसाचा एवढा तरी बोध आपण घेणे लागतो.

यांपैकी एकाही मागणीसाठी नवी इमारत लागत नाही. खर्च फार नाही. खर्ची पडावयाचा आहे तो वरच्यांचा अहंकार.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांसाठी. सावेडीतल्या वा तारकपूरच्या खासगी रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या मध्यमवर्गाला सरकारी दवाखाना हा ‘त्यांचा’ प्रश्न वाटतो. घरी धुणीभांडी करणारी बाई, सोसायटीचा पहारेकरी, भाजीवाला ही माणसे आजारी पडली की कोठे जातात, याची चौकशी आपण क्वचितच करतो. आणि कोविडने दाखवून दिले की, वेळ आली म्हणजे आपल्यालाही त्याच खाटेची वाट पाहावी लागते. शिकलेल्या माणसाने रुग्ण कल्याण समितीची बैठक होते का, तिच्यात काय ठरते, अग्निसुरक्षेची तपासणी केव्हा झाली, असे साधे प्रश्न सभ्यपणे पण चिकाटीने विचारीत राहावे. प्रश्न विचारणारे नागरिक असले की कारभाऱ्याला जाब देण्याची सवय लागते. आणि चांगल्या कारभाऱ्याला, वरून दबाव येतो तेव्हा, पाठीशी उभे राहणारे कोणी आहे असा दिलासाही मिळतो.

चौंडीच्या मुलीला मल्हाररावांनी घडविले. जामखेडच्या निरक्षर बायकांना आरोळे दांपत्याने घडविले. अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याने लावले आहे; आता तिच्या घडणीची रीतही त्याने उचलावी. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत इमारतींच्या यादीबरोबर माणसे घडविण्याची एक यादी मांडली जावी, एवढीच आमची मागणी आहे. ती मांडली जाते की नाही, याकडे आमचे लक्ष राहील.